मराठवाड्यात चतुर पाहायचे तर पोळा ते दसरा

चतुर (ड्रॅगनफ्लाय) हे पाण्याकाठी उडणारे कीटक मराठवाड्यात बाराही महिने दिसतात, पण जातींची खरी रेलचेल असते ती पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत. त्यातही सप्टेंबरचा दुसरा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य हे दिवस चुकवू नका.

तारखेवर मात्र फार भिस्त ठेवू नका. इथला पाऊस एका तालुक्यात जूनमध्येच ओढे वाहवतो आणि शेजारच्या तालुक्याला ऑगस्टपर्यंत ताटकळत ठेवतो. ज्या तलावावर जायचं तिथे पाणी कधी साचलं हे गावात विचारा आणि तिथून ६ ते ८ आठवडे मोजा. चतुराची अळी पाण्यातच वाढते. उथळ, कोमट पाण्यात पँटाला फ्लेव्हेसेन्स या जातीची अळी पाच-सहा आठवड्यांत तयार होऊ शकते. बाकी बऱ्याच जातींना जास्त वेळ लागतो. पाणी साचून पंधराच दिवस झाले असतील तर तिथे फक्त दुसरीकडून उडून आलेले चतुर भेटतील.

पेरणीच्या सुमारास मोकळ्या रानावर न बसता घिरट्या घालणारे पिवळसर थवे दिसतात, ते याच पँटालाचे. ते मोसमी वाऱ्यांबरोबर येतात. पावसाळ्यानंतर ते मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत, असं जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडलं. थवा पाहायला जून-जुलै चांगला. विविधता पाहायची तर घाई करू नका.

जागा निवडताना मोठ्या धरणाच्या भिंतीकडे जाऊ नका. नाथसागर असो की येलदरी, चतुर असतात ते फुगवट्याच्या उथळ कडेला, लव्हाळे आणि रामबाण उगवलेल्या चिखलाजवळ. सगळ्यात भरवशाचा गावचा जुना पाझर तलाव. एका फेरीत त्याच्या तीन जागा बघा: बेशरमाची झुडपं असलेला काठ, सांडव्याखालचं वाहतं पाणी आणि पाळीखालचा झिरपा. काठावरच्या वाळक्या काडीवर इक्टिनोगोम्फस रॅपॅक्स हा काळा-पिवळा, दांडगा चतुर बसतो. वाहत्या पाण्याजवळ गुलाबी ट्रायथेमिस ऑरोरा शोधा. झिरप्याच्या गवतात चतुरांच्या नाजूक भावंडं, म्हणजे टाचण्या (डॅमसेलफ्लाय) सापडतात. बसल्यावर पंख पसरलेले असले तर चतुर आणि पाठीवर मिटलेले असले तर बहुधा टाचणी, एवढी खूण सुरुवातीला पुरते.

प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यावर वेळ घालवू नका. बऱ्याच टाचण्या पाणवनस्पतींच्या देठात अंडी घालतात आणि तिथे देठच नसतात. शिवाय तो कागद इतका निसरडा असतो की आत पडलेल्या माणसाला वर येता येत नाही.

वेळ सकाळी साडेआठ ते अकरा, ऊन असताना आणि वारा कमी असताना. आभाळ भरून आलं की तेच चतुर गवतात दडून बसतात आणि तळं रिकामं वाटतं. पाऊस उघडल्यावरचा पहिला स्वच्छ दिवस मात्र सोन्यासारखा. भर दुपारी काही चतुर शेपटीचं टोक थेट सूर्याकडे रोखून, शीर्षासन केल्यासारखे उभे राहतात. अंगावर ऊन कमी पडावं म्हणून ते तसं करतात. हे दृश्य काडीजवळ बसून निवांत बघण्यासारखं आहे.

८×३२ किंवा ८×४२ ची दुर्बीण चालेल, पण दोन मीटरवरचं स्पष्ट दिसतं का ते घेतानाच तपासा. चतुर उडाला तर मागे धावू नका. बरेच चतुर त्याच काडीवर परत येतात. दोन मिनिटं स्थिर उभे राहा, मग अर्धं पाऊल पुढे. आपली सावली त्याच्यावर पडली की तो गेलाच. ओळख पटवण्यासाठी एक फोटो वरून, एक बाजूने आणि एक शेपटीच्या टोकाचा घ्या. नुसत्या रंगावरून नाव ठरवलं की हमखास चुकतं. क्रोकोथेमिस सर्व्हिलियाचा नर लालभडक, तर मादी पिवळी, आणि कोवळा नरही मादीसारखाच पिवळा असतो.

सोयाबीन-कपाशीवर नुकतीच फवारणी झालेल्या रानाजवळचं तळं त्या दिवशी सोडा. तिथे चतुर कमी दिसतात आणि आपल्यालाही ते औषध बाधतं. पाळीवरच्या गवतात घोणस असते, म्हणून घोट्यावर येणारे बूट हवेतच. आणि मुलं सोबत असतील तर चतुराच्या शेपटीला दोरा बांधू देऊ नका.

नोव्हेंबरनंतर डबकी आटतात. मग गोदावरी-मांजरेचे डोह आणि कोल्हापूर पद्धतीचे बंधारे धरा. उन्हाळ्यात सिमेंटच्या हौदाच्या किंवा विहिरीच्या भिंतीवर हात फिरवल्यासारखी नजर फिरवा. करड्या ठिपक्यांचा ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा भिंतीला चिकटून बसलेला असतो आणि हलेपर्यंत दिसत नाही. गावाबाहेरच्या सांडपाण्याच्या नाल्यावर, जिथे इतर चतुर फिरकत नाहीत, तिथेही नारिंगी पंखांचा ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा असतोच.