बालविभागासाठी नवी चित्रपुस्तकं सुचवताय? या चुका टाळा

शनिवारी दुपारी सोलापुरातल्या आमच्या वाचनालयाच्या बालविभागात सतरंजी अंथरली की पंधरा-वीस मुलं भोवती गोळा होतात. मागच्या उन्हाळ्यात असंच एक नवं चित्रपुस्तक वाचून दाखवत होते. यंत्रमागाचं पान आलं. शहराच्या पूर्व भागातला सहा वर्षांचा एक मुलगा गुडघ्यांवर पुढं सरकला, चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ताई, ह्याचा धागा तुटलाय की. आता माग थांबणार."

ते पुस्तक मी घरी दोनदा वाचून आले होते. तुटलेला धागा मला दिसलाच नव्हता, कारण मजकुरात त्याचा उल्लेख नव्हता. पान उलटलं तर माग खरोखरच थांबलेला. चित्रकाराने आधीच्या पानावर केसाएवढी बारीक रेघ मधेच सोडून दिली होती, ती फक्त त्या मुलाला दिसली. त्याच्या घरात माग आहे.

आपण मोठी माणसं चित्रपुस्तक सुचवताना बहुतेकदा अक्षरंच वाचतो आणि चित्रं नुसती बघतो. गोष्ट मात्र दोन्हींत मिळून असते. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच सापडतं. यातल्या बऱ्याच मी स्वतः केल्या आहेत.

मुखपृष्ठ आणि यादी पाहून शिफारस करणं

प्रकाशकाच्या यादीत नाव छान वाटलं, मुखपृष्ठावर गोंडस हत्ती दिसला, की दिली शिफारस. पुस्तक आल्यावर कळतं की आत दर पानावर दहा-बारा ओळी आहेत आणि चित्र कोपऱ्यात बसवलंय. ते चित्रांची सोबत असलेलं गोष्टीचं पुस्तक झालं. चांगलं असेलही, पण चार वर्षांच्या मुलासाठी नाही.

पुस्तक हाती आलं की आधी मजकूर झाकून नुसती चित्रं चाळावीत. काय घडतंय याचा अंदाज येतो का? मग मोठ्याने वाचावं. मनात वाचताना जी वाक्यं सरळ वाटतात, ती मोठ्याने वाचताना जिभेवर अडखळतात. तिसरं म्हणजे पुस्तक छातीशी उघडं धरून समोरच्याला सहा-सात फुटांवर बसवायचं आणि काय दिसतं ते विचारायचं. काही पुस्तकं मांडीवर घेऊन एकट्या मुलाला दाखवायची असतात, सतरंजीवर वीस जणांना नाही. हा दोष नव्हे, पण शिफारशीत तसं लिहायला हवं.

पान उलटण्याची जागाही बघावी. चांगल्या चित्रपुस्तकात उजव्या पानाच्या शेवटी काहीतरी लोंबकळत राहतं, दार अर्धं उघडं असतं, शेपटी तेवढी दिसत असते, आणि मुलांचे हात आपोआप पानाकडे जातात.

तात्पर्य शोधणं

"यातून मुलांना काय शिकायला मिळेल?" हा प्रश्न पालक विचारतात, निवड समितीत विचारला जातो, आणि आम्हीही भीतीपोटी शिफारशीत लिहितो: 'स्वच्छतेचे महत्त्व पटवून देणारे'. असं लिहून आलेली पुस्तकं कपाटात कोरी राहतात. मूल गमतीसाठी, भीतीसाठी, तेच वाक्य सहाव्यांदा ऐकण्यासाठी पुस्तक मागतं. शिफारशीत तेच लिहा: 'दर पानावर बेडूक लपलेला आहे, तो शोधायला मुलं भांडतात.' समितीतल्या आजोबांनाही हे समजतं, त्यांच्या घरीही नातवंडं असतात.

'एवढ्या पैशांत चारच ओळी?'

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर तयार असतं. पण पहिल्या वर्षी मीही जाड पुस्तकंच निवडत होते. त्याच पैशांत शंभर गोष्टींचा संग्रह मिळतो, मग सोळा पानांचं, पिना मारलेलं पुस्तक का घ्यायचं? अनुदानाच्या रकमेत वर्षभराची खरेदी बसवणाऱ्या वाचनालयाला हा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. शंभर गोष्टींचे संग्रह आमच्याकडे बरेच आहेत. बालवाडीतलं मूल त्यातलं एकही उघडत नाही.

यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे शब्दच नसलेली पुस्तकं वगळणं. शब्दच नाहीत तर वाचायचं काय, असं वाटतं. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीची आजी विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, दिवसभर हात चालू. आजीला वाचता येत नाही, आणि घरी बोलतात तेलुगू. मुलगी पाच वर्षांची. गोष्टीचं पुस्तक घरी नेलं तर वाचून दाखवणारं संध्याकाळपर्यंत कुणी नाही. म्हणून मी एकदा शब्द नसलेलं पुस्तक तिच्या हातात दिलं.

पुढच्या शनिवारी पुस्तकाला तंबाखूचा बारीक वास होता. मुलीने सतरंजीवर बसून सगळ्यांना गोष्ट सांगितली. चित्रात एक मुलगा हरवलेली शेळी शोधत फिरतो. आजीने सांगितलेल्या गोष्टीत ती शेळी मुद्दाम पळाली होती, कारण तिला जत्रा बघायची होती. पुढच्या आठवड्यात त्याच पुस्तकाची वेगळी गोष्ट. या वेळी शेळी गड्ड्यावर, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, जाऊन पाळण्यात बसली. आजीचे हात कामात असायचे, म्हणून पानं मुलगी उलटायची आणि आजी तोंडाने सांगायची. हे पुस्तक तीन आठवडे त्या घरात राहिलं, मी मुदतीची आठवणही केली नाही.

म्हणून वाचता न येणाऱ्या घरासाठी शब्द नसलेलं पुस्तक आधी सुचवा. मात्र देताना एक वाक्य आवर्जून सांगा: "यात लिहिलेलं काही नाही, तुम्ही सांगाल ती गोष्ट." हे न सांगता दिलं तर पुस्तक चुकीचं छापलं गेलंय असं समजून दुसऱ्या दिवशी परत येतं. माझ्याकडे तसं आलेलं आहे.

सोलापूरला एकभाषी समजणं

आपल्या गावात एका गल्लीत मराठी, दुसरीत तेलुगू, पलीकडे कन्नड, आणि उर्दू-हिंदी तर सगळीकडे. बालविभागाची यादी मात्र मराठी आणि इंग्रजी अशी दोन रकान्यांत संपते. शाळेची भाषा आणि पालकांच्या स्वप्नातली भाषा, दोन्ही त्यात आल्या. मूल ज्या भाषेत रडतं, ती राहिली.

एकदा मांजराचं चित्र दाखवून "हे काय?" विचारलं. "मांजर", "बिल्ली", "बेक्कू", "पिल्ली" अशी चार उत्तरं आली. 'पिल्ली' म्हणणाऱ्याला शेजारच्याने लगेच सुधारलं, "पिल्ली नाही, पिल्लू!" तेलुगूत मांजराला पिल्लीच म्हणतात हे कळल्यावर पुढची दहा मिनिटं गोष्ट बाजूला राहिली आणि कुत्रा, कावळा, भाकरी, पाऊस असं सगळं चार भाषांत म्हणून झालं.

एकच चित्रपुस्तक अनेक भारतीय भाषांत काढणारे प्रकाशक आपल्याकडे आहेत. प्रथम बुक्स, तूलिका, नॅशनल बुक ट्रस्ट यांच्या याद्यांमध्ये तेच पुस्तक मराठीत आणि तेलुगू-कन्नडमध्येही सापडू शकतं. शिफारस करताना मराठी प्रतीबरोबर दुसऱ्या भाषेतली एक प्रत मागा आणि दोन्ही शेजारी ठेवा. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर अनेक भाषांतली चित्रपुस्तकं मोफत आणि खुल्या परवान्याखाली आहेत. ती खरेदीआधी मुलांसमोर वाचून बघायला फार उपयोगी पडतात. मोबाईलवर दाखवून काम भागवू नका. पान उलटायला मुलांना कागद लागतो.

अनुवादित पुस्तक सुचवताना मात्र कान उघडे ठेवा. 'ती तिच्या बाबांचा हात धरून तिच्या शाळेकडे चालत गेली.' असं मराठीत कोण बोलतं? 'बाबांचं बोट धरून ती शाळेत गेली' एवढंच. असं अवघडलेलं वाक्य दर पानावर भेटलं तर चित्रं कितीही सुंदर असोत, मी ते पुस्तक सुचवत नाही. पुस्तकातली मराठी पुण्याची असेल तर बिघडत नाही, मुलं ती सोलापुरी करून घेतात. मी 'खूप' वाचते, ती 'लै' ऐकतात.

'तीन ते सहा वर्षे' यावर विसंबणं

मागच्या पानावर छापलेला वयोगट हा प्रकाशकाचा अंदाज असतो. आठ वर्षांचा मुलगा वाचायला अडखळत असेल आणि आपण त्याला 'लहान मुलांचं' पुस्तक सगळ्यांसमोर दिलं, तर तो पुन्हा वाचनालयात येणार नाही. त्याला सांगा, "पुढच्या शनिवारी बारक्यांना हे तू वाचून दाखवशील का? घरी जरा तयारी कर." तेच पुस्तक मानाचं होतं.

मागणीच्या वहीत 'हत्तीचं छान पुस्तक' लिहिणं

ही चूक वाचक, शिक्षक, पालक सगळेच करतात आणि मग ग्रंथपालांना बोल लावतात. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली चालणाऱ्या शासनमान्य वाचनालयांना खरेदीचं बिल आणि दाखल नोंद (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंदवहीतली नोंद) या दोन्हींचा हिशेब द्यावा लागतो. 'हत्तीचं पुस्तक' या मजकुरावर कुणी काय मागवणार? नाव, लेखक, चित्रकार, अनुवादक, प्रकाशक, भाषा, पानं, किंमत आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, एवढं लिहाच. भारतातल्या पुस्तकाचा तेरा आकडी आयएसबीएन बहुधा ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो. तो सहसा मागच्या कव्हरवर बारकोडपाशी मिळतो.

चित्रकाराचं नाव गाळू नका. चित्रपुस्तकात तो अर्धा लेखक असतो, आणि एका चित्रकाराचं पुस्तक मुलांना आवडलं की त्याचंच दुसरं शोधणं सोपं जातं.

'नवं' कशाला म्हणतो तेही तपासा. कव्हर नवं असलं तरी आतल्या पानावर 'पुनर्मुद्रण' लिहिलेलं असतं, आणि तेच पुस्तक आपल्या कपाटात जुन्या कव्हरात पडलेलं निघतं. आधी दाखल नोंदवही बघा. जुनी प्रत फाटली असेल तर पुनर्मुद्रण जरूर मागवा, पण तसं स्पष्ट लिहून. आणि शिफारस मार्चपर्यंत लांबवू नका. आर्थिक वर्ष संपताना घाईत खरेदी होते, तेव्हा विक्रेत्याच्या गठ्ठ्यात असेल ते येतं, आणि पातळ चित्रपुस्तकं त्या गठ्ठ्यात क्वचित असतात.

फाटेल म्हणून कुलपात ठेवणं

नवी पुस्तकं आली, शिक्के बसले, काचेच्या कपाटात गेली आणि किल्ली टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. चित्रपुस्तकाचा कणा इतका बारीक असतो की कपाटात उभं केलं तर त्यावरचं नाव मोठ्यांनाही दिसत नाही. चार वर्षांचं मूल जेमतेम तीन-सव्वातीन फूट उंच. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर मुखपृष्ठ यायला हवं. आम्ही भिंतीला दोन खिळे ठोकून जाड सुती दोरी बांधली, तीवर पातळ पुस्तकं मधोमध उघडून टांगली. सूत सोलापुरात कमी नाही.

पुस्तकं फाटतात, हे खरंच. त्यासाठी चिकटटेप वापरणं ही वेगळी चूक. आपल्या उन्हाळ्यात टेपचा गोंद पाघळतो, कडेने बाहेर येतो, शेजारचं पान त्याला चिकटतं आणि वर्ष-दोन वर्षांत टेप पिवळी पडून सुटते. त्यापेक्षा खळ करा. मैदा एक भाग, पाणी चार-पाच भाग, मंद आचेवर गुठळी न होऊ देता ढवळत राहायचं, चकाकी आली की उतरवायचं. पतंगाच्या पांढऱ्या कागदाची बोटभर पट्टी हाताने फाडायची, कात्रीने नाही. फाटलेल्या कडा मऊ असल्या की पानात मिसळून जातात. खळ पातळ लावून पट्टी बसवायची, वर-खाली प्लास्टिकचा कागद घालून रात्रभर वजनाखाली ठेवायचं. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कीड लागू नये म्हणून बाइंडर खळीत मोरचूद घालतात, लहान मुलांच्या पुस्तकाला ती खळ अजिबात नको. मोरचूद विषारी असतं आणि ही मुलं पुस्तक तोंडातही घालतात. साधी खळ दोन दिवसांत आंबते, म्हणून वाटीभरच करायची.

पिना गंजून मधलं पान सुटलं तर पिना काढा, घडीवर तीन भोकं पाडून सुती दोऱ्याने शिवा, गाठ आतल्या बाजूला घ्या. आमच्याकडे हे काम मुलांचे वडील करून देतात. मागावर तुटलेला धागा जोडणाऱ्या बोटांना ही शिलाई पाच मिनिटांची.

पुस्तक आलं, काम संपलं असं मानणं

नवं पुस्तक चार आठवडे दोरीवर राहिलं आणि कुणी काढलं नाही, तर ते वाईट आहे असं लगेच ठरवू नका. एकदा मोठ्याने वाचून बघा. बऱ्याचदा वाचून झाल्यावर ते सगळ्यात आधी जातं, कारण मुलांना ओळखीचंच पुस्तक घरी न्यायचं असतं. वाचूनही कुणी हात लावला नाही, तर मुलं कुठल्या पानावर चुळबुळ करू लागली ते नोंदवा आणि पुढच्या यादीत तसलं पुस्तक घेऊ नका. उलट, ज्या पुस्तकाची पानं कोपऱ्यात काळी पडलीत, त्याची दुसरी प्रत आजच वहीत लिहा. यंत्रमागाच्या त्या पुस्तकाची मी लिहिली आहे, कारण तुटलेल्या धाग्यावर इतकी बोटं पडलीत की आता ती रेघ दिसेनाशी होत आली आहे.