कंपनी फिटिंगचा बेल्ट ठेवून रेसिंग सीट कशी बसवावी

पहिली बकेट सीट (शर्यतीच्या गाडीतली खोलगट सीट) गाडीत चढली त्या संध्याकाळी मी अर्धा तास पार्किंगमध्येच बसून होतो. इंजिन बंद, हात स्टिअरिंगवर. बाजूचे उंच कठडे मांड्यांना घट्ट धरत होते आणि त्या घट्टपणालाच मी सुरक्षितता समजत होतो. आमच्या सोसायटीतले एक काका, उभं आयुष्य गाड्यांच्या चाचण्यांत गेलेले, फेरी मारायला खाली आले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "बेल्ट कुठे टेकतोय रे तुझा?"

मग त्यांनी घरून नातीच्या पाटीवरचा खडू मागवला. बेल्टच्या आतल्या बाजूला तो चांगला घासला, मला काळी पँट घालून बसायला लावलं, बेल्ट लावून घेतला आणि म्हणाले, "आता दे झोक पुढे." उतरून पाहतो तर खडू सीटच्या दोन्ही कठड्यांवर लागलेला आणि माझ्या शर्टावर, बेंबीच्या जरा खाली, एक फिकट पांढरा पट्टा. कमरेच्या हाडांवर खडूचा कणसुद्धा नाही. बेल्टने सीटला छान आवळून धरलं होतं, मला मात्र नुसता वरवर स्पर्श केला होता.

ती सीट मी परत केली. नंतरची दुसरी सीट बसवायला दोन रविवार गेले. तेव्हा जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय.

आधी बेल्टचं काम समजून घ्या

तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट व्होल्वोच्या निल्स बोलिन या इंजिनिअरने १९५९ मध्ये गाड्यांत आणला. त्याची मूळ युक्ती आजही तीच आहे: धक्का शरीराच्या भक्कम हाडांवर घ्यायचा. खालचा पट्टा कंबरेच्या पुढच्या हाडांवर आणि वरचा पट्टा खांदा-छातीवर. कमरेवर हात ठेवून उभं राहिलं की पुढच्या बाजूला बोटांना दोन टोकं लागतात. खालचा पट्टा त्यांच्या खाली, मांडीच्या सांध्याला लागून बसला पाहिजे.

एक हिशोब करून बघा. गाडी ताशी ५० किलोमीटरने जाऊन आदळली आणि शरीर साधारण अर्ध्या मीटरमध्ये थांबलं, तर सरासरी २० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २० पट झटका बसतो. ७० किलोच्या माणसासाठी ही ओढ झाली जवळजवळ १४०० किलोची. हा भार हाडांवर आला तर हाडं तो पेलतात. पट्टा पोटावर असेल तर भार आतड्यांवर आणि यकृतावर जातो, वर शरीर पट्ट्याखालून पुढे घसरतं. कठडे उंच असलेल्या सीटमध्ये हे घडण्याची शक्यता वाढते, कारण पट्टा कठड्यावरून कठड्यावर, दोरीवर वाळत घातलेल्या साडीसारखा जातो.

पहिली पायरी: गाडी या कामाला योग्य आहे का ते ठरवा

मूळ सीटच्या बाहेरच्या बाजूला 'एअरबॅग' अशी छोटी चिठ्ठी शिवलेली दिसली, तर साइड एअरबॅग त्या सीटमध्येच आहे. सीट काढली की ती गेली. गॅरेजवाले एक छोटा रेझिस्टर जोडून डॅशबोर्डवरचा दिवा विझवून देतात. दिवा विझतो, एअरबॅग परत येत नाही. रोज घरची माणसं बसतात अशी ही गाडी असेल तर माझं स्पष्ट मत: हा नाद सोडा.

शेजारच्या सीटमध्ये बहुतेक वेळा माणूस बसलाय की नाही हे ओळखणारा सेन्सर असतो, त्यामुळे तिथे आणखी गुंता. मी फक्त ड्रायव्हरची सीट बदलली.

कायद्याचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचे तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. मागची सीट काढून टाकली तर आसनसंख्याच बदलते, तेव्हा त्या वाटेला जाऊच नका. पुढची सीट बदलण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

दुसरी पायरी: सीट बसून निवडा, फोटो बघून नाही

बाजारात ढोबळमानाने दोन प्रकार. एक, पाठ मागेपुढे होणारी स्पोर्ट सीट. दुसरी, एकसंध कवचाची बकेट. कंपनीचाच बेल्ट ठेवायचा असेल तर पहिली घ्या. तिचे कठडे मांडीजवळ कमी उंच असतात आणि बहुतेक वेळा बेल्टसाठी खोलगट जागा ठेवलेली असते. एकसंध बकेटमध्येही काही सीट साध्या बेल्टसाठी मंजूर आहेत. रेकारो कंपनीच्या पोल पोझिशन सीटची एबीई (तिथल्या रस्त्यांसाठी मंजूर) आवृत्ती जर्मनीत रस्त्यावर साध्या बेल्टसह चालते. असं कागदावर असलेलंच घ्यावं.

एफआयएचा, म्हणजे मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेचा, स्टिकर पाहून मात्र लगेच भुलू नका. ८८५५-१९९९ या मानकाच्या सीटची मुदत बनवल्यापासून ५ वर्षं आणि ८८६२-२००९ ची १० वर्षं, एवढं त्यावरून समजतं. पण ही मानकं शर्यतीच्या गाडीसाठी आहेत आणि तिथे पाच-सहा पट्ट्यांचा हार्नेस (शर्यतीत अंगाला घट्ट बांधायचा बेल्ट) गृहीत असतो. तुमचा तीन टोकांचा बेल्ट त्या सीटवर कसा बसेल, यावर तो स्टिकर काही बोलत नाही. आणि फायबरग्लासच्या पातळ नकली सीटवर नामांकित कंपन्यांचे लोगो शिवून मिळतात, हे वेगळं सांगायला नको.

दुकानदाराला सांगा, सीट नुसती गाडीत ठेवून बघू द्या. बोल्ट लागत नाहीत, खाली दोन लाकडी पट्ट्या पुरतात. बसा, बेल्ट लावा, खडू वापरा. दुकानदार हसतो. हसू द्या.

तिसरी पायरी: जुनी सीट काढण्याआधी मापं घ्या

हे मी पहिल्यांदा विसरलो आणि नंतर पश्चात्ताप झाला. दार उघडून, तुमच्या नेहमीच्या जागी सीट ठेवून, बेल्ट लावलेल्या अवस्थेत बाजूने फोटो काढून घ्या. मग बकलचं डोकं फ्लोअरपासून किती उंच, सीटच्या मागच्या बोल्टपासून किती पुढे आणि किती तिरकं, हे टेपने मोजून वहीत लिहा. बकलची नवी जागा ठरवताना हाच कागद कामी येतो.

त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि किमान दहा मिनिटं थांबा. चहा प्या. एअरबॅग आणि प्रीटेन्शनर (धडकेच्या क्षणी बेल्ट आवळणारा भाग) यांच्या यंत्रणेत काही वेळ वीज साठून असते. सीटखालचे पिवळे कनेक्टर त्यांचेच. ते सुटे केल्यावर मल्टिमीटर लावून 'जरा तपासू' असं करू नका, त्या करंटनेही स्फोटक पेटू शकतं. प्रीटेन्शनर असलेलं बकल हातातून पडणार नाही याचीही काळजी घ्या.

चौथी पायरी: रेल आणि ब्रॅकेट

तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला तयार ब्रॅकेट (सीट फ्लोअरला जोडणारा सांगाडा) मिळाला तर पैशांकडे बघू नका. गल्लीत अँगल कापून, वेल्डिंग मारून केलेला सांगाडा दिसायला दणकट असतो, पण वेल्डजवळचा पत्रा कुठे फाटेल याचा नेम नसतो. एफआयएच्या शर्यतीच्या नियमांत सीटच्या आधाराला किमान चार जागी, किमान ८ मिलिमीटरचे बोल्ट आणि स्टीलचा किमान ३ मिलिमीटर जाड पत्रा लागतो. रस्त्यावरच्या गाडीलाही हेच माप धरा. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा त्याहून वरचा आकडा कोरलेला हवा. कोरा बोल्ट परत करा.

स्लायडर, म्हणजे सीट पुढेमागे सरकवणारी रेल, दोन्ही बाजूंनी लॉक होणारा घ्या. स्वस्त स्लायडरमध्ये लॉक एकाच रेलमध्ये असतो. बकल त्याच्यावर बसवलं की ओढ एका बाजूने येते आणि सीट तिरकी होते.

उंची जुळवायला वॉशरची चळत लावू नका. सीट किती खाली जाईल हाच तर सगळ्यांचा आवडता विषय, पण खाली गेल्यावर बेल्टची दोन्ही टोकं तुमच्या तुलनेत वर येतात, म्हणजे कोन बिघडतो. जुन्या सीटच्या उंचीच्या आसपासच राहा.

पाचवी पायरी: बकल

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पूर्वी बकल फ्लोअरला लागलेलं असायचं. आजच्या बहुतेक गाड्यांत ते सीटच्या सांगाड्यालाच बसवलेलं असतं, म्हणजे सीट पुढेमागे झाली की तेही सरकतं. सीट काढली की बकल हातात येतं आणि मग फिटर विचारतो, "साहेब, हे कुठे मारू?"

कुठेही मारून चालत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आर१४ या नियमात बेल्टच्या जागांची चाचणी घेताना खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्याला प्रत्येकी १३.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १३७५ किलोइतकी ओढ देतात. बेल्टची जागा सीटवर असेल तर सीटच्या वजनाच्या २० पट भार त्यात आणखी मिळवतात. तुमचा ब्रॅकेट, तुमचा स्लायडर आणि खालचे चार बोल्ट या ओढीला सामोरे जाणार आहेत. म्हणून बकल फक्त तिथेच लावा जिथे ब्रॅकेट बनवणाऱ्याने त्यासाठी कान आणि नट दिला आहे. सीटच्या कवचाला भोक पाडून तर कधीच नाही.

बोल्ट मूळचाच वापरा. अनेक गाड्यांत तो ७/१६ इंची बारीक आट्यांचा असतो. तो मेट्रिक नटात दोन आटे जातो आणि मग अडकतो. तिथे पाइप लावून जोर काढणारे मी पाहिले आहेत. आटे मोजा, जुळत नसतील तर थांबा.

बकलची जागा बरोबर आहे का, हे असं ओळखा: बसल्यावर त्याचं डोकं नितंबाच्या बाजूला, मांडीच्या सांध्याच्या पातळीला यावं. पोटावर चढलेलं चालत नाही. बाजूने पाहिलं तर पट्टा कमरेकडून मागे-खाली उतरत गेला पाहिजे. आर१४ प्रमाणे पुढच्या सीटसाठी बकलच्या बाजूने हा कोन आडव्या रेषेपासून ४५ ते ८० अंश, तर दाराच्या बाजूने ३० ते ८० अंश. मोबाइलमधलं कोनमापक पुरतं. बकलची दांडी सीटच्या कडेवर टेकून वाकत असेल तर जागा चुकली. अपघाताच्या ओढीत ती त्याच कडेवर मोडते. बकलला प्रीटेन्शनर असेल तर तो उडाल्यावर बकल खाली ओढलं जातं, तेवढी मोकळी जागा खाली हवी.

बेल्ट न लावल्याची सूचना देणारी वायर परत जोडा. तो आवाज बंद करण्यासाठी खोटी क्लिप खुपसू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये असल्या क्लिपा ऑनलाइन दुकानांतून काढायला लावल्या होत्या.

सहावी पायरी: पट्ट्याची वाट

दाराच्या बाजूचं खालचं टोक बऱ्याच गाड्यांत गाडीलाच पक्कं असतं, ते सीटसोबत सरकत नाही. म्हणून नवीन सीट जुन्यापेक्षा फार मागे गेली तर ते टोक कमरेच्या जवळजवळ थेट खाली येतं आणि पट्टा शरीराला मागे धरण्याऐवजी नुसता खाली दाबतो.

काही बकेटच्या कडेला हार्नेसची खाच असते. टोकाचा बोल्ट काढून पट्टा त्यातून ओवला की तो हाडांवर छान बसतो हे खरं. पण सीट बनवणाऱ्याने तसं लिहून दिलं असेल, खाचेची कड गुळगुळीत असेल आणि पट्टा कुठेही मुरडत नसेल तरच करा. फायबरग्लासची उघडी कड पट्टा करवतीसारखी कापते.

वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध यावा, गळ्याला घासू नये आणि खांद्यावरून सुटूही नये. सीटचे खांद्याजवळचे पंख त्याला उचलून धरत असतील तर ती सीट या बेल्टसाठी नाही. पाठीमागच्या हार्नेसच्या भोकांतून हा पट्टा नेऊ नका, तो अडकतो आणि नीट आवळत नाही. दाराजवळच्या खांबातली, पट्टा गुंडाळून घेणारी गुंडाळी जागची हलवू नका. तिच्यातला लॉक गाडीच्या कलण्यावरही चालतो, तिरकी बसली तर नको तेव्हा अडकेल किंवा हवा तेव्हा अडकणार नाही.

इथे कुणीतरी म्हणतंच, "मग चार पट्ट्यांचा हार्नेसच लाव ना." साध्या चार पट्ट्यांच्या हार्नेसमध्ये खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर खेचतात, म्हणजे पुन्हा पोटावर. शिवाय गाडीत रोलकेज (छताला आतून आधार देणारा पाइपांचा पिंजरा) नसताना हार्नेसने ताठ बांधलेल्या माणसाला गाडी उलटून छत दबलं तर बाजूला झुकायला जागा राहत नाही.

सातवी पायरी: पुन्हा खडू

सगळे बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळा, बॅटरी जोडा, एअरबॅगचा दिवा लागून विझतो का ते बघा. मग काळी पँट, पांढरा खडू. सीट पुढे ठेवून एकदा, मागे ठेवून एकदा. रेघ दोन्ही हाडांवर सलग उमटली पाहिजे आणि कठड्यांवर जवळजवळ काही नको. कमरेचा पट्टा आणि शरीर यांच्यात तळहात सरळ सरकला तर अजून ढिलाई आहे.

मोकळ्या मैदानात ताशी वीसेक किलोमीटरवरून जोरात ब्रेक मारा, खांद्याचा पट्टा जागच्या जागी अडकायला हवा. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत पिवळ्या ऑइलपेंटची एक रेघ ओढून ठेवा आणि शंभरेक किलोमीटरनंतर बघा, रेघ तुटली असेल तर बोल्ट फिरलाय.

गाडी घरात आणखी कोणी चालवत असेल तर त्यांनाही खडू लावून बसवा. माझी बायको माझ्याहून अर्धा फूट बुटकी आहे. तिच्या खेपेला रेघ एका बाजूला चांगली उमटली, दुसऱ्या बाजूला तुटक. सीट दोन खाचा मागे घेतली तर रेघ जुळायची, पण मग तिचा पाय क्लचवर पोचेना. आता ती चालवणार असेल त्या दिवशी आम्ही दुसरी गाडी काढतो.