थायरॉईडचं ऑपरेशन झाल्यावर घरी काय सांभाळावं

माझी थायरॉईड ग्रंथी तीन वर्षांपूर्वी पूर्ण काढली. भेटायला येणारं प्रत्येक माणूस आधी गळ्याकडे बघायचं. टाके किती पडले, डाग राहील का, हेच विचारायचं. जखम तर दहा-बारा दिवसांत भरत आली. त्रास दिला तो न दिसणाऱ्या गोष्टींनी. बोटांना मुंग्या आल्या, आवाज बसला आणि गोळ्यांच्या वेळा काही केल्या जमेनात. म्हणून हे लिहिते आहे.

१. दवाखाना सोडण्याआधी विचारून घ्या

ग्रंथी पूर्ण काढली की अर्धी? अर्धी काढली असेल तर पुष्कळांना थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्या संप्रेरकाची, गोळी लागतही नाही आणि रक्तातलं कॅल्शियम घसरण्याचा धोकाही फार कमी. पूर्ण काढली असेल तर गोळी जन्मभराची. गाठीचा तपासणी रिपोर्ट कधी मिळेल, कॅल्शियमची रक्ततपासणी झाली का, रात्री-अपरात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे डिस्चार्ज कार्डावर लिहूनच घ्या.

गाव सातपुड्याच्या पायथ्याशी असेल, एसटीला दोन तास लागत असतील, तर पहिले चार-पाच दिवस जळगाव-धुळ्यातल्या नातेवाइकांकडे राहा. का, ते पुढे सांगते.

२. गळा फुगला तर थांबू नका

जखमेच्या आत रक्त साचण्याचा धोका मुख्यतः पहिल्या चोवीस तासांत असतो, तेव्हा आपण बहुधा दवाखान्यातच असतो. घरी आल्यावरसुद्धा गळा फुगून घट्ट वाटू लागला, श्वास घेताना आवाज येऊ लागला, तर सकाळची वाट बघू नका. लगेच 108 ला फोन करा.

३. मुंग्या आल्या की लगेच सांगा

थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार लहान ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का लागला तर त्या काही दिवस किंवा आठवडे सुस्तावतात, क्वचित कायमच्या. कॅल्शियम साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सगळ्यात खाली जातं, म्हणजे नेमकं आपण घरी पोहोचल्यावर.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझे ओठ बधिर झाले. अशक्तपणा असेल म्हणून सासूबाईंनी लिंबाचं सरबत दिलं. दुपारी बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या आणि संध्याकाळी बोटं आपोआप आत वळायला लागली. चाळीस किलोमीटर गाडी करून जळगावला नेलं, सलाईनमधून कॅल्शियम दिलं, तेव्हा हात मोकळे झाले. डिस्चार्जच्या वेळी हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी सकाळीच फोन केला असता.

तुम्ही तेवढं थांबू नका. ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या की त्याच तासाला डॉक्टरांना फोन करा. हातपाय वळायला लागले तर थेट दवाखाना गाठा. कॅल्शियमच्या गोळ्या बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका, डॉक्टर त्या रक्त तपासून हळूहळू कमी करतात.

४. गोळीचं वेळापत्रक बसवा

इथंच बहुतेकांचं चुकतं. थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत घ्यायची आणि चहा निदान अर्ध्या तासानं, तासाभरानं घेतला तर उत्तमच. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब, नाहीतर थायरॉक्सिन अंगाला नीट लागत नाही. मी सकाळी साडेपाचला उठल्या उठल्या गोळी घेते, साडेसहाला चहा. कॅल्शियम दुपारी आणि रात्री जेवणासोबत.

कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटेच शेतावर जावं लागतं आणि चहाशिवाय पाऊल उचलत नाही. अशा वेळी रात्री जेवणानंतर तीन तासांनी गोळी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. काहींना ते चालतं. मग रात्रीचं कॅल्शियमही गोळीपासून चार तास दूर ठेवावं लागेल. उपासाच्या दिवशी गोळी चुकवू नका.

आपल्याकडचा उन्हाळा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांचा. या गोळीला उष्णता, उजेड आणि ओल तिन्ही सोसत नाहीत. चुलीजवळचं फडताळ, पत्र्याखालची खिडकी, उन्हात उभ्या गाडीचा डबा ही तिची जागा नव्हे. माठाजवळची फळीही नको, तिथं ओल असते. घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या खोलीतल्या कपाटात बाटली घट्ट झाकून ठेवा.

५. आवाजाला वेळ द्या

“आवाज कसाले बसना व माय?” हे मी दिवसातून दहा वेळा ऐकलं. भूल देताना घशात घातलेल्या नळीमुळे चार दिवस घसा दुखतो. त्याशिवाय स्वरयंत्राच्या नसा ग्रंथीला अगदी खेटून जातात, त्या दुखावल्या तर आवाज घोगरा होतो, लवकर दमतो, वरची पट्टी लागत नाही. माझी आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी त्या वर्षी गेली, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं. हळू, नेहमीच्या आवाजात बोला. कुजबुजू नका, त्यानं उलट ताण येतो. भेटायला येणाऱ्यांशी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी बोलावं. काही आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा पाणी पिताना ठसका लागत राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्या. आवाजाचे व्यायाम शिकवणारे थेरपिस्टही असतात.

६. जखम, जेवण, काम

जखमेवर हळद, तेल, पाला काही लावू नका. लाली वाढली, पू आला, ताप आला तर दाखवा. गिळताना कातडी ओढल्यासारखी वाटते, ते आठवड्यांनी सैल होतं. मंगळसूत्र आणि पोत व्रणावर घासतात. मी महिनाभर काढून ठेवलं, घरात थोडी कुरबुर झाली, पण डॉक्टरांनी सांगितल्यावर मिटली. व्रण वर्षभर उन्हापासून झाका, पदर किंवा सुती रुमाल पुरतो, नाहीतर तो काळा पडतो.

पहिले काही दिवस मऊ खिचडी, दूध-भाकरी, केळं. शेवभाजीचा तिखट रस्सा आणि ठेचा घसा बरा झाल्यावर. कोबी-फ्लॉवर कायमचं बंद करायला सांगणारे भेटतील. ग्रंथीच काढल्यावर त्याची गरज नाही.

पाण्याचा हंडा, चाऱ्याचा भारा, केळीचा घड दोन-तीन आठवडे उचलू नका. मान दोन्हीकडे दुखल्याशिवाय वळेपर्यंत मोटारसायकल नको. मान मात्र अवघडून एका जागी धरू नका. डॉक्टरांनी सांगितल्यावर हळूहळू फिरवत राहा.

७. मरगळ आली तर

केस गळणं, झोप, थंडी वाजणं, वजन वाढणं, विनाकारण रडू येणं, हे डोस कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं. धडधड, घाम, हात थरथरणं हे जास्त झाल्याचं. तरी डोस स्वतः बदलू नका. बदललेल्या डोसचा खरा परिणाम टीएसएच या थायरॉईडच्या रक्ततपासणीत सहा ते आठ आठवड्यांनीच कळतो, म्हणून तपासणी तेव्हा करतात. दिवस राहिले तर लगेच कळवा, गरोदरपणात डोस वाढवावा लागतो. गाठ कॅन्सरची निघाली तर किरणोत्सारी आयोडीनचा उपचार लागू शकतो. त्याआधी काही दिवस आयोडीनचं मीठ बंद करायला सांगतात, एरवी ते खायचंच.

रिपोर्ट एकाच फाईलमध्ये तारखेनं लावा. पुढच्या टीएसएचची तारीख मी कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशेबाशेजारीच लिहिते, म्हणजे ती रोज नजरेखालून जाते.