विस्बीची तटबंदी बघायची असेल तर आधी बाहेरून बघा, आणि वरून खाली उतरत बघा

स्टॉकहोमला राहायला आल्यापासून दर उन्हाळ्यात घरी कोणी ना कोणी पाहुणे असतात आणि त्यांना घेऊन मी गॉटलंड बेटावरच्या विस्बीला जाते. आईबाबा, सासूबाई, मावशी, कॉलेजच्या मैत्रिणी, सगळ्यांना नेऊन झालंय. दर वेळी कोणीतरी नेटवरून वाचून आलेलं असतं की "गल्ल्यांमध्ये हरवून जा, बस्स." कृपा करून हे ऐकू नका. गल्ल्या सुंदर आहेतच, पण त्यात हरवून जाणाऱ्या माणसाला विस्बीतली मुख्य गोष्ट, म्हणजे तिची तटबंदी, नीट दिसतच नाही.

पोचायचं कसं ते सोपं आहे. स्टॉकहोमहून लोकल ट्रेनने नीनेसहाम्न बंदर, तासाभरात, आणि तिथून फेरी बोट, साधारण सव्वातीन तास. दोन रात्री राहा. जूनअखेरीचा राजकीय मेळाव्याचा आठवडा आणि ऑगस्टमधला मध्ययुगीन उत्सवाचा आठवडा टाळा, खोल्या मिळत नाहीत. कार्ड सगळीकडे चालतं. चपटे, चांगल्या सोलचे बूट घाला, आतले बरेचसे रस्ते दगडगोट्यांचे आहेत.

आता तटबंदी. मी पहिल्यांदा आईबाबांना नेलं तेव्हा इथेच चुकले. फेरीतून उतरलो, सामान हॉटेलवर टाकलं आणि जेवून खालच्या बाजूने, समुद्राकडून चढायला सुरुवात केली. विस्बी उतारावर वसलंय, बंदर खाली आणि शहराचा मागचा भाग वर कड्यावर, मध्ये गोट्यांचे चढ आणि पायऱ्या. आईचे गुडघे दुखायला लागले, बाबा दर वळणावर थांबायला लागले, आणि वर तटापाशी पोचलो तोवर दुपार उलटून गेलेली. या वरच्या तटाची बाहेरची बाजू पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणजे दुपारनंतर ती अख्खी सावलीत जाते, करडी आणि सपाट दिसते. बाबा म्हणाले, "बघितली गं भिंत, चल आता." ज्यासाठी एवढ्या लांब आणलं होतं त्याला पाच मिनिटं मिळाली. मला तेव्हा खरंच रडू आलं होतं.

म्हणून आता मी उलटं करते आणि तुम्हीही तसंच करा. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला टॅक्सीने थेट सॉडरपोर्टला, म्हणजे दक्षिणेच्या दरवाजाला जा. चढ गाडीने चढायचा, उतार पायांनी उतरायचा. आत अजिबात शिरू नका, कितीही मोह झाला तरी. बाहेरूनच उत्तरेकडे चालत सुटायचं, डाव्या हाताला तट, उजव्या हाताला सूर्य, आणि चुनखडीचा दगड त्या उन्हात जवळजवळ पिवळा दिसतो.

पण चालायला लागायच्या आधी थोडं बाहेरच्या बाजूला कोर्सबेट्निंगेन म्हणून जागा आहे तिथे जाऊन या. गवतात एक जुना दगडी क्रॉस उभा आहे, बाकी काही नाही, त्यामुळे लोक सोडून देतात. 27 जुलै 1361 ला डेन्मार्कचा राजा वाल्देमार आत्तेरदाग इथे चालून आला आणि गॉटलंडचे शेतकरी त्याच्या सैन्यासमोर तटाच्या बाहेर उभे राहिले. शहराचे दरवाजे बंद राहिले. साधारण 1800 माणसं याच परिसरात मारली गेली आणि सामूहिक खड्ड्यांमध्ये पुरली गेली. नंतर शहराने राजासाठी दरवाजे उघडले. क्रॉसवर लॅटिनमध्ये एवढंच कोरलंय की गॉटलंडचे लोक इथे डॅनिश लोकांच्या हातून पडले, त्यांच्यासाठी प्रार्थना करा.

हे आधी बघायचं कारण असं की यानंतर तट वेगळा दिसायला लागतो. आपल्याला किल्ला म्हटलं की बाहेरचा शत्रू आठवतो. इथे तटाची सगळ्यात भक्कम बाजू समुद्राकडे नाही, बेटाच्या आतल्या बाजूला, आपल्याच शेतकऱ्यांकडे तोंड करून आहे. शहरात व्यापारी, त्यात जर्मन व्यापारी भरपूर, सगळा पैसा त्यांच्याकडे, आणि 1288 मध्ये शहर आणि खेडी यांच्यात चक्क लढाई झाली होती. मी हे सांगितल्याशिवाय आता कोणालाच तट दाखवत नाही.

सॉडरपोर्ट ते ऑस्टरपोर्ट, म्हणजे पूर्वेचा दरवाजा, सरळ चाला, तिथे कॉफी आणि टॉयलेट उरकून घ्या, पुढे सोय नाही. ऑस्टरपोर्ट ते नॉर्डरपोर्ट, म्हणजे उत्तरेचा दरवाजा, हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. खंदक आता गवताचा झालाय, त्यातूनच चालायचं. घाई करू नका. तट एकूण सुमारे 3.4 किलोमीटरचा आहे, मोठे बुरूज 27 शिल्लक आहेत, आणि लोक बुरूज मोजत फोटो काढत निघून जातात. त्यापेक्षा एका जागी थांबून भिंतीकडे नीट बघा. निम्म्याहून वरच्या उंचीवर भिंतीतच दातांसारखी रांग दिसेल, दगड थोडे वेगळे बसलेले. त्या जुन्या तटाच्या चर्या आहेत! आधी तट तेवढाच उंच होता, मग तेराव्या शतकाच्या शेवटी तो वाढवला तेव्हा चर्यांमधल्या फटी दगडांनी भरून वरून बांधत नेलं. भीती वाढली तशी भिंत वाढली, आणि त्याची खूण अजून तिथे आहे. सकाळचं ऊन तिरकं पडतं तेव्हाच ती रांग स्पष्ट दिसते, दुपारी शोधून सापडत नाही.

दुसरं बघायचं ते छोटे बुरूज, जे जमिनीपासून वर येत नाहीत, भिंतीच्या माथ्यावर खोगीर ठेवावं तसे बसवलेत. मूळचे बरेच पडले, राहिलेत ते तेवढे बघून घ्या.

तटावरून चालता येतं का हे प्रत्येक जण विचारतो, कारण आपल्याला किल्ल्यावर तटावरून फिरायची सवय. नाही येत, आणि चढूही नका, मुलांना तर अजिबात चढवू नका. भिंत म्हणजे बाहेरून दगड, आतून दगड आणि मध्ये भर, असं बांधकाम आहे. 2012 मध्ये एक भाग आपोआप ढासळला होता.

नॉर्डरपोर्टच्या बाहेर उंचवटा आहे, तिथून तट पायऱ्या उतरल्यासारखा समुद्राकडे जाताना दिसतो. इथे अर्धा तास बसा. मग उतरायचं, पण सकाळी गवतावर दव असेल तर सरळ उतारावरून जाऊ नका, पायवाटेने जा. माझ्या सासूबाईंचा पाय इथेच मुरगळला होता आणि पुढचे दोन दिवस आम्ही खोलीत काढले, चूक माझी, मीच त्यांना शॉर्टकट दाखवला.

एवढं झालं की खाली समुद्रापाशी पोचता. आता शहरात शिरा.

आतलं सगळं सोपं आहे. बोटॅनिकल गार्डन वाटेतच लागतं. सांक्ता मारिया कॅथेड्रल (1225) हे मध्ययुगातलं एकच चर्च अजून वापरात आहे. बाकीची ओस पडली आणि त्यांचे अवशेष गावभर उभे आहेत, त्यातलं चौकातलं सांक्ता कारिन बघाच, छत नाही, नुसत्या कमानी आणि आभाळ. फिस्कारग्रेंड गल्लीत गुलाब, फोटो काढा आणि पुढे चला, लोकांची घरं आहेत ती.

दुपारी ऊन चढलं की स्ट्रांडगाटानवरच्या गॉटलंड म्युझियममध्ये जा, आणि हे सकाळच्या क्रॉसनंतरच करा. तिथे 1361 च्या खड्ड्यांमधून निघालेल्या वस्तू आहेत. साखळ्यांची टोपी, आणि तिच्या आत अजून कवटी. मृतांना घाईघाईत चिलखतासकट पुरलं म्हणून हे टिकलं. बाबा त्या काचेसमोर बराच वेळ उभे होते, ही त्यांची दुसरी ट्रिप, तेव्हा "चल आता" म्हणाले नाहीत. शेजारीच 1999 मध्ये एका शेतात सापडलेला चांदीचा खजिना आहे, 67 किलो, आणि त्यातली नाणी बहुतेक अरबी.

खायला केशराचा पॅनकेक घ्या. नाव पॅनकेक असलं तरी तांदळाच्या खिरीत केशर, बदाम घालून ओव्हनमध्ये भाजलेली वडी असते ती, वर स्थानिक बेरीचा जाम आणि क्रीम. मावशीला पहिल्याच घासाला केशरी भात आठवला. अंडं असतं, चालत नसेल तर सोडा.

संध्याकाळ फक्त समुद्राच्या बाजूला. आल्मेदालेन बाग ही व्यापाराच्या काळात बंदर होती, तिथल्या तळ्याच्या काठी तेव्हा जहाजं लागायची, आणि शेजारचा क्रुटटॉर्नेट बुरूज तेच बंदर राखायला बाराव्या शतकात बांधलेला. तिथून किनाऱ्याने उत्तरेकडे चालत जा. जूनच्या शेवटी सूर्य दहाच्या सुमाराला मावळतो, आणि सकाळी सावलीत असलेली ही पश्चिमेची भिंत आता उजळलेली असते. जॅकेट न्या, वारा गार असतो. परतताना शेर्लेक्सपोर्टेन, म्हणजे प्रेमाचा दरवाजा, त्यातून आत आलात की बोटॅनिकल गार्डनमध्ये निघता आणि चढ न चढता हॉटेलच्या रस्त्याला लागता.