शैक्षणिक साहित्याला क्षमतेचा क्रमांक लावताय? या चुका टाळा

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत हल्ली एक तक्ता हमखास निघतो. डावीकडे वर्गात वापरायच्या साहित्याचं नाव, उजवीकडे अभ्यासक्रम आराखड्यातल्या क्षमतेचा क्रमांक, आणि चहा येईपर्यंत उजवा रकाना भरायचा. मी नाशिकजवळच्या एका मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. असे रकाने मीही चहा येईपर्यंत भरले आहेत. त्यामुळे खालच्या बऱ्याचशा चुका माझ्याच आहेत.

आधी उतरंड थोडक्यात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला आणि संपूर्ण शालेय शिक्षणाचा ऑगस्ट २०२३ मध्ये. त्यात वर ध्येय (सीजी, म्हणजे करिक्युलर गोल), त्याखाली क्षमता (सी, म्हणजे कॉम्पिटन्सी: मुलाला काय करता यायला हवं) आणि त्याखाली अध्ययन निष्पत्ती, म्हणजे तिथवर जाण्याचे छोटे टप्पे. पायाभूत स्तर म्हणजे वय ३ ते ८, अंगणवाडी ते दुसरी. या स्तराची ध्येयं एकूण १३. साहित्य जोडायचं ते मधल्या पायरीला, क्षमतेला.

विषय दिसला की क्रमांक चिकटवणं

दुसरीच्या वर्गात आम्ही बाजार भरवतो. द्राक्षं, कांदे, कोथिंबिरीच्या जुड्या, कागदी नोटा. मुलं ओरडून ओरडून विकतात, शेजारचा वर्ग तक्रार करतो. या बाजाराला मी पहिल्या वर्षी नऊ क्षमता लावल्या होत्या. पैसे आहेत म्हणून सी-८.११, वजन आहे म्हणून सी-८.९, बोलणं आहे म्हणून ध्येय ९ मधल्या दोन-तीन, फळं-भाज्या आहेत म्हणून पर्यावरणाचंही काहीतरी. तक्ता कसा भरगच्च दिसत होता!

मग एका सहकारी बाईंनी साधा प्रश्न विचारला, “वजन कोण करतं?”

वजन मी करत होते. तराजू नाजूक, मुलं पाडतील म्हणून तो माझ्या हातात. सी-८.९ सांगते की मुलाने लांबी, वजन, आकारमान मोजण्यासाठी योग्य साधन आणि एकक स्वतः निवडावं आणि मोजावं. माझ्या बाजारात मूल फक्त बघत होतं. म्हणजे ती क्षमता माझी पक्की होत होती, मुलांची नाही. तपासून तपासून शेवटी दोनच उरल्या: १०० रुपयांपर्यंतचे साधे व्यवहार (सी-८.११) आणि संभाषण.

तेव्हापासून क्रमांक लावण्याआधी मी एक वाक्य लिहिते: “या साहित्याने मूल ____ करतं.” रिकाम्या जागी क्रियापद हवं आणि ते मला वर्गात डोळ्यांनी दिसायला हवं. ‘समजतं’, ‘माहीत होतं’ चालत नाही. वर्गीकरण करतं, मोजतं, उलट मोजतं, सुट्टे परत देतं, हे चालतं. वाक्य जमलं की क्रमांक आपोआप सापडतो. एका साहित्याला दोनपेक्षा जास्त क्षमता लागल्या, तर बहुतेक वेळा वाक्य लिहिलेलंच नसतं.

यात आणखी एक गोम आहे. हाच बाजार तिसरीच्या सरांनी जसाच्या तसा उचलला, क्रमांकासकट. पण तिसरी पूर्वतयारी स्तरात (तिसरी ते पाचवी) येते. पायाभूत स्तरातली १०० रुपयांची मर्यादा तिथे लावणं म्हणजे मुलांना एक पायरी मागे बसवणं.

नुसतं ‘सीजी-१’ लिहिणं

ही चूक सगळ्यात सोपी आणि सगळ्यात घातक. पायाभूत स्तरात ध्येयांचे क्रमांक १ ते १३ असे सलग जातात. तिथे सीजी-१ म्हणजे निरोगी आणि सुरक्षित राहण्याच्या सवयी. तिसरीपासून पुढे मात्र प्रत्येक विषयाची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. पूर्वतयारी स्तराच्या गणितात सीजी-१ म्हणजे संख्या आणि चार मूलभूत क्रिया. भाषेचं सीजी-१ आणखी वेगळं. वेगवेगळ्या वर्गांचे तक्ते एकत्र केले की हात धुण्याचं पोस्टर आणि अपूर्णांकांच्या पट्ट्या एकाच ओळीत येऊन बसतात. आमच्याकडे बसल्या होत्या.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. क्रमांकाच्या आधी स्तर आणि विषय लिहा: ‘पायाभूत, सी-८.१’, ‘पूर्वतयारी, गणित, सी-१.२’. शिवाय आराखडा राष्ट्रीय की राज्याचा, हेही एका रकान्यात असू द्या. राज्याने स्वतःचा अभ्यासक्रम आराखडा केला आहे आणि शाळेत आपण तोच पाहणार. तक्ता दुसऱ्या राज्यातल्या किंवा केंद्रीय मंडळाच्या शिक्षकाकडे गेला, की हा रकाना उपयोगी पडतो.

एक्सेलने केलेला घोटाळा

हा भाग अनेकांना क्षुल्लक वाटेल. माझी एक अख्खी रविवारची दुपार यात गेली.

सी-८.१ म्हणजे एकापेक्षा जास्त गुणधर्मांवरून वस्तूंचे गट-उपगट करणं. सी-८.१० म्हणजे मिनिटं, तास, दिवस, आठवडे असं काळाचं मापन. आता कोणी ‘सी-’ गाळून नुसता 8.10 टाइप केला, की एक्सेल त्याला संख्या समजतं, शेवटचं शून्य खातं आणि उरतं 8.1. आमच्या यादीत घड्याळाची सगळी साहित्यं पानांच्या वर्गीकरणाशेजारी जाऊन बसली होती. मला वाटलं, कोणीतरी निष्काळजीपणा केला. निष्काळजीपणा यंत्राचा होता, म्हणजे शेवटी आमचाच.

ओळखायचं कसं? सी-८.१ खाली नेहमीपेक्षा जास्त साहित्य आणि सी-८.१० खाली शून्य दिसलं, तर हेच झालंय. दुरुस्तीसाठी रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा आणि अक्षरासकट पूर्ण क्रमांक लिहा. नंतर टेक्स्ट करून गेलेलं शून्य परत येत नाही. अंक मराठी की इंग्रजी, हेही पहिल्याच दिवशी ठरवा, नाहीतर शोधताना अर्धी यादी सापडतच नाही. जुन्या फाँटमधली नावंही युनिकोडमध्ये आणून घ्या, कारण नाव डोळ्यांना दिसत असलं तरी शोधात ते येत नाही.

जुने क्रमांक पुसून टाकणं

नवीन आलं म्हणून जुनं फेकू नका. बालभारतीच्या जुन्या पुस्तकांत सुरुवातीला अध्ययन निष्पत्ती असतात, ०५.७१.०१ अशा क्रमांकांच्या: पहिला आकडा इयत्ता, दुसरा विषय, तिसरा अनुक्रम. नवा आराखडा राज्यात २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने येतो आहे, त्यामुळे काही वर्षं दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदणार. दोन रकाने ठेवा. एक निष्पत्ती म्हणजे एक क्षमता, असं मात्र धरून चालू नका. निष्पत्ती इयत्तेला बांधलेली असते, क्षमता पूर्ण स्तरात कमवायची असते.

माहितीची पीडीएफ आणि ‘स्रोतांचा अर्थ लावणे’

सहावी ते आठवीच्या शिक्षकांसाठी हे मुद्दाम लांबवते, कारण नाशिकमध्ये साहित्याचा खजिना आहे आणि तो आपण फार स्वस्तात घालवतो. पांडवलेणींवरचं एक सादरीकरण आमच्याकडे फिरतं. सुंदर फोटो, लेण्यांची संख्या, त्रिरश्मी डोंगराचं नाव. त्यापुढे लिहिलेलं असतं ‘ऐतिहासिक साधनांचा अर्थ लावतो’. अर्थ कोणी लावला? मुलांनी स्लाइड पाहिल्या, वहीत उतरवल्या.

तिथेच, त्याच डोंगरावर, क्रमांक १० च्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. आपण तीन लाख गाई दान दिल्या, असं तो सांगतो. क्रमांक ३ च्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं कौतुक करणारा. त्यात त्याने क्षहरात घराण्याचा वंश समूळ नष्ट केल्याचं म्हटलंय, आणि नहपान क्षहरातच होता. म्हणजे दोन विरोधी घराण्यांचे लेख एकाच डोंगरात! दोन्हींचा सोप्या मराठीतला मजकूर मुलांच्या हातात द्या आणि विचारा: कोण बोलतंय, कोणाबद्दल, आणि तीन लाख गाई तुम्हाला पटतात का? आता ती क्षमता लावायला हरकत नाही. फोटो तेच, डोंगर तोच, फक्त काम मुलांकडे गेलं.

बालगीतांच्या ऑडिओचंही असंच होतं. गाणं ऐकून त्याचा आनंद घेणं ही सी-९.१. त्याच गाण्यातले यमकाचे शब्द शोधून त्यांची अक्षरं टाळ्यांवर फोडली, तर ते ध्वनिजाणिवेचं (शब्दातले आवाज वेगळे ओळखण्याचं) काम, म्हणजे सी-१०.१. एकच ऑडिओ दोन्हीकडे जाऊ शकतो, पण सोबत कृती लिहिलेली हवी. सुरगाणा-पेठकडे घरात कोकणा बोलणाऱ्या मुलांसाठी तर ही नोंद फारच महत्त्वाची, कारण मराठी गाणं छान म्हणणारं मूल मराठी वाचतंच असं नाही.

जोडलंय, पण कोणाला सापडत नाही

दीक्षासारख्या (शैक्षणिक साहित्याच्या सरकारी संकेतस्थळासारख्या) ठिकाणी साहित्य टाकलं असेल, तर मंडळ, माध्यम, इयत्ता, विषय या चार गोष्टी आधी तपासा. मंडळ चुकलं की तुमच्याच शेजारच्या शिक्षकाला ते दिसणार नाही.

आणि यादी पूर्ण झाली की तिच्यातली दहा साहित्यं काढा, क्रमांकाचा रकाना झाका आणि ती यादी बनवण्यात नसलेल्या शिक्षकाकडे द्या. त्यांनी लावलेला क्रमांक वेगळा निघाला, तर लगेच खोडरबर घेऊ नका. आधी साहित्य उघडून पाहा. बरेचदा बदलायचं असतं ते साहित्यच. आमच्या बाजारात आता तराजू मुलांच्या हातात आहे आणि सी-८.९ परत आली आहे. द्राक्षं मात्र जास्त आणावी लागतात, तोलता तोलता निम्मी पोटात जातात.