टेम्पेचं पचन लॅबमधे करताना: नवीन येणाऱ्यांसाठी माझा अनुभव

सोयाबीनच्या आयसोफ्लेवोनवर (त्यातली एक प्रकारची वनस्पतिजन्य संयुगं) काम घेतलं तेव्हा मला वाटायचं, पदार्थात किती आहे ते एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मोजलं की झालं. पण खाल्ल्यावर त्यातलं किती सुटून विरघळतं तेवढंच आतड्याला मिळतं, बाकी चोथ्यात जातं, आणि आपला सगळा अभ्यास त्या सुटणाऱ्या भागाचा आहे.

सोयाबीनमधे जेनिस्टिन वगैरे साखर चिकटलेली रूपं असतात. टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) करताना शिजवलेल्या दाण्यांवर रायझोपस बुरशी ३० डिग्रीच्या आसपास दीडेक दिवस वाढते आणि तिचं एन्झाइम ती साखर तोडतं, मग उरतं ते जेनिस्टीन (नावात एका वेलांटीचा फरक, वहीत नीट लिहा!). सिक्कीमच्या किनेमात (तेही आंबवलेलं सोयाबीनच) हेच काम बॅसिलस हा जीवाणू करतो. आता गंमत अशी की मोकळं झालेलं रूप पाण्यात नीट विरघळत नाही, त्याला पित्त लागतं, म्हणून बाइल सॉल्ट (पित्ताचे क्षार) महाग आहे म्हणून हात आखडू नका.

पद्धत २०१९ची इन्फोजेस्ट (लॅबमधे पचनाची नक्कल करायची ठरलेली पद्धत) वापरा. ३७ डिग्रीला तोंडाची २ मिनिटं, मग जठराचे पीएच ३ ला पेप्सिनबरोबर (प्रोटीन पचवणारं एन्झाइम) २ तास, मग आतड्याचे पीएच ७ ला पॅन्क्रिएटिन (स्वादुपिंडातल्या एन्झाइमचं मिश्रण) आणि पित्ताबरोबर अजून २ तास. वाचायला सोपं आहे पण माझे पहिले दोन महिने वाया गेले, कारण पॅन्क्रिएटिन मी बाटलीवरचा आकडा धरून तोललं आणि ती बाटली कितीतरी वेळा उघडून झालेली, नंतर ॲक्टिव्हिटी (एन्झाइमची काम करायची ताकद) मोजली तर जवळपास निम्मी. सगळी रीडिंग टाकून द्यावी लागली, खूप रडले तेव्हा. तर ॲक्टिव्हिटी स्वतः मोजा, दर नवीन बाटलीला मोजा. सोयाचं प्रोटीन ॲसिड बरंच खातं, त्यामुळे पीएच ३ वर आणायला किती मिली ॲसिड लागतं ते आधी एका ट्रायलमधे बघून ठेवा. आणि टेम्पेऐवजी नुसतं पाणी घातलेला ब्लँक (तुलनेचा नमुना) प्रत्येक वेळी.

शेवटी सेंट्रिफ्यूज केल्यावर वरचं पाणी आणि खालचा गाळ दोन्ही मोजा, बेरीज मूळ आकड्याशी जुळायला हवी. ही बेरीज मिलीग्रॅममधे करू नका, मायक्रोमोलमधे (म्हणजे रेणूंच्या संख्येवर) करा, कारण जेनिस्टिनचं मोलर वजन ४३२ आणि जेनिस्टीनचं २७०, साखर निघाली की वजन आपोआप घटतं आणि वाटतं माल कुठेतरी हरवला.