एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) नवीन आहात? दुग्धपेढीच्या दुधाचं प्रोटीन आधी मोजा

आईचं दूध पहिलं, ते नसेल तर दुग्धपेढीतलं, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं, आणि तेही नसेल तरच फॉर्म्युला, हा क्रम तुम्हाला पाठ असेलच. तो बरोबर आहे आणि त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. 32 आठवड्यांच्या आत किंवा दीड किलोच्या आत जन्मलेल्या बाळाला स्वतःच्या आईचं दूध मिळत नसेल, तर दात्या मातेच्या दुधाचा विचार करावा असं जागतिक आरोग्य संघटनाही सुचवते. फॉर्म्युलाच्या तुलनेत एनईसीचा, म्हणजे आतड्याला सूज येऊन ते सडण्याच्या आजाराचा, धोका जवळपास निम्मा होतो. एनईसीमुळे फुगलेलं, चकाकणारं पोट एकदा पाहिलं की हा आकडा वेगळा पाठ करावा लागत नाही.

घात होतो तो पुढे. फीडच्या कागदावर आपण आईचं दूध आणि पेढीचं दूध एकाच रकान्यात लिहितो आणि दोन्हींत फोर्टिफायर (दुधात मिसळायची प्रथिनं-क्षारांची पूड किंवा द्रव) सारखाच घालतो. बाळ दूध पचवतं, उलटी नाही, पोट मऊ, सगळे खूश. वजन मात्र हलत नाही. हे मी इतक्या बाळांच्या बाबतीत पाहिलंय की आता तो कागद हातात आला की आधी दूध कोणाचं तेच विचारते.

गणित एकदा हाताने करा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईच्या दुधात सुरुवातीच्या आठवड्यांत 100 मिलीमागे साधारण दीड ग्रॅम प्रथिनं असतात. फोर्टिफायरने आणखी 1 ग्रॅमच्या आसपास भर पडते. किलोमागे दिवसाला 160 मिली दिलं की झाले 4 ग्रॅम. गरज साडेतीन ते साडेचारची, म्हणजे जमलं. पण पेढीत दूध देणाऱ्या बहुतेक जणी पूर्ण दिवसांच्या बाळांच्या आया असतात, बाळंतपणाला काही महिने झालेल्या. त्यांच्या दुधात 0.9 ग्रॅमच्या आसपास. आता तेच गणित: 1.9 गुणिले 1.6, म्हणजे जेमतेम 3 ग्रॅम. पाकीट तेच, मिली तेच, आणि रोज किलोमागे जवळपास 1 ग्रॅमची तूट. ती कागदावर कुठेच दिसत नाही.

म्हणून भिंतीवर चिकटवलेल्या तयार तक्त्यांवर माझा राग आहे. ॲपवरही. त्यांत दीड ग्रॅम गृहीत धरलेलं असतं आणि ते कोणी सांगत नाही. तुमच्या फोर्टिफायरच्या पाकिटावरचा आकडा स्वतः वाचा. वजन रोज, लांबी आणि डोक्याचा घेर आठवड्याला मोजा. पहिले आठवडे सरल्यावर, किडनी ठीक असताना रक्तातला युरिया फारच खाली असेल तर प्रथिनं कमी पडतायत असं समजून वरिष्ठांशी बोला. सोडियमवरही नजर ठेवा, पेढीच्या दुधात तेही कमी असतं.

घाबरू मात्र नका. ही तूट भरून काढता येते. प्रथिनं वेगळी वाढवता येतात, फोर्टिफायर बाळागणिक ठरवता येतो. दूध वाईट नाही, अर्धवट आहे. पेढीत ते 62.5 अंश सेल्सिअसवर 30 मिनिटं तापवताना घातक जंतू आणि विषाणू मरतात. चरबी पचवणारं दुधातलं लायपेज मात्र पूर्ण निकामी होतं, जिवंत पेशी जातात आणि आयजीए व लॅक्टोफेरिन ही संसर्गापासून वाचवणारी प्रथिनं घटतात. आतड्यातल्या चांगल्या जंतूंना पोसणाऱ्या ऑलिगोसॅकराइड शर्करा जवळपास तशाच राहतात.

चरबीचं एक वर्गात शिकवत नाहीत. सिरिंज पंपावर नळीतून सावकाश दूध चालू असेल तर साय वर तरंगते आणि नळीला चिकटते. सिरिंज आडवी असेल तर शेवटी आत पिवळसर थर उरतो. तो थर म्हणजे बाळाच्या कॅलरीज. टोक वर राहील अशी सिरिंज तिरकी लावा, नळी आखूड ठेवा. हे मला एका सीनियर सिस्टरने दाखवलं, कुठल्याही प्राध्यापकांनी नाही. गुरू शोधायचा तर रात्रपाळीला शोधा.

आणि पेढीचं दूध सुरू झालं म्हणून आईकडे जाणं थांबवू नका. हे फार होतं, आणि ते अक्षम्य आहे. तिला दूध काढायचा पंप मिळाला का, ती दिवसातून आठ वेळा दूध काढतेय का, बाळ छातीशी धरायला मिळतंय का, ते विचारा. तिचं 5 मिली आलं तर आधी ते द्या, उरलेलं पेढीचं.